पात्रतेचा प्रश्न : भारतीय सैन्यदलांतील स्त्रियांचा प्रवास

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या शाळेच्या फलकावर वर्तमानपत्रांतील स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती कापून लावण्याचा आमचा परिपाठ होता. एकदा त्यात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, प्रवेश परीक्षेची जाहिरात होती. दहावीतील एक विद्यार्थिनी ती वाचत बराच वेळ उभी राहिली. गणितात ती वर्गात पहिली होती आणि मैदानावर मुलांना मागे टाकीत होती. तिने विचारले, "सर, यात अविवाहित पुरुष उमेदवार असे लिहिले आहे. मुलींनी अर्ज करायचा नाही का?" आम्ही सहज बोलून गेलो, "अगं, ते मुलींसाठी नसते."

माहिती म्हणून हे उत्तर बरोबर होते, पण शिक्षक म्हणून ते चुकीचे होते. 'आजचा नियम तसा आहे' असे आम्ही म्हणावयास हवे होते. आमच्या बोलण्याचा अर्थ मात्र 'ते मुलींना जमणारेच नाही' असा निघत होता. नियम माणसे करतात आणि माणसेच बदलतात. जे निसर्गाचे म्हणून सांगितले जाते, त्याविषयी मात्र मूल पुन्हा प्रश्न विचारीत नाही. त्या मुलीनेही पुन्हा विचारले नाही.

काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थी मेळाव्यास ती आपल्या लेकीला घेऊन आली होती. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जाताना तिने हसत विचारले, "सर, आता तरी अर्ज करता येतो ना?" येतो, असे आम्ही सांगितले. हा लेख म्हणजे त्या जुन्या उत्तराची दुरुस्ती आहे. तो नियम कोणी केला, कोणत्या कारणांनी टिकवला आणि कसा मोडला, हे इतिहासाच्या अंगाने येथे पाहावयाचे आहे.

१. 'अपात्र' ठरविण्याची रीत

स्त्रियांकडे वळण्यापूर्वी आपल्याच घरातील एक इतिहास आठवू या. वाचकांपैकी अनेकांच्या घरी पणजोबांच्या पलटणीच्या गोष्टी सांगितल्या जातात. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे लढलेल्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत. पलटणीने आपल्या माणसांना पगार दिला, त्याचबरोबर अक्षरओळख आणि ताठ मानेने चालण्याची सवयही दिली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढाऊ जमाती'चा सिद्धान्त प्रबळ झाला. काही जाती जन्मतः लढवय्या आणि इतर जन्मतः अपात्र, असे त्याचे सूत्र होते. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या पराक्रमाची नोंद कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली होती, त्यांना लढता येत नाही असे सांगण्यात आले. उच्चजातीय शिपाई त्यांच्याबरोबर राहणार नाहीत, त्यांचा हुकूम मानणार नाहीत, असेही कारण पुढे केले जाई.

गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली. बाबासाहेब तेव्हा संरक्षण सल्लागार समितीवर होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली.

या इतिहासातून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अपात्रतेचे कारण शरीराचे किंवा स्वभावाचे म्हणून सांगितले जाते. 'इतरांना चालणार नाही' ही सबब त्याच्या जोडीला येते. आणि गरज पडली की तीच माणसे एकाएकी पात्र होतात, गरज सरली की पुन्हा अपात्र. स्त्रियांच्या बाबतीत हेच घडले.

२. परिचारिका, साहाय्यक दल आणि राणी झाँसी रेजिमेंट

स्त्रिया लढल्याच नाहीत, असे इतिहास सांगत नाही. राजाराम महाराजांच्या निधनानंतर १७०० ते १७०७ या काळात ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धच्या मराठ्यांच्या युद्धाचे सूत्रसंचालन केले. १८५७ च्या लढ्यात राणी लक्ष्मीबाई रणांगणावर पडल्या. झाँसीच्या कोरी समाजातील झलकारीबाई आणि लखनऊच्या पासी समाजातील उदादेवी यांच्या शौर्याच्या कथा लोकस्मृतीने जपल्या. झलकारीबाईंच्या सन्मानार्थ भारत सरकारने २००१ साली टपाल तिकीट काढले. मात्र हे पराक्रम व्यक्तींचे होते. नियमित सैन्यात स्त्रीला हक्काने प्रवेश मिळणे ही वेगळी गोष्ट होय.

तो प्रवेश प्रथम रुग्णालयाच्या दारातून मिळाला. १८८८ साली ब्रिटनमधून दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या आणि भारतातील लष्करी रुग्णालयांत परिचर्येची व्यवस्था सुरू झाली. सैन्यात स्त्री चालेल, पण शुश्रूषेपुरती, ही समजूत पुढे अनेक दशके टिकली.

दुसऱ्या महायुद्धात कारकुनी, दूरध्वनी, संदेशवहन आणि भांडारे यांसाठी मनुष्यबळ कमी पडू लागले. १९४२ मध्ये 'विमेन्स ऑक्झिलियरी कोअर (इंडिया)' हे साहाय्यक दल उभारण्यात आले. त्याची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली, त्याची एक शाखा नौदलासाठीही काम करीत होती. युद्ध संपले आणि दल विसर्जित झाले. १९२१ च्या महार पलटणीची आठवण यावी, असाच हा प्रकार होता.

त्याच युद्धात परक्या भूमीवर वेगळा प्रयोग झाला. जुलै १९४३ मध्ये सिंगापूर येथे सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेत स्त्रियांची पलटण काढण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरमध्ये राणी झाँसी रेजिमेंटचे शिबिर सुरू झाले. नेतृत्व कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन, पुढे लक्ष्मी सहगल, यांच्याकडे होते. या पलटणीत सुशिक्षित घरांतील मुली होत्या, तशा मलायाच्या रबर मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या मुलीही मोठ्या संख्येने होत्या. त्यांतील अनेकींनी भारत कधी पाहिलाही नव्हता. त्यांना बंदूक चालविण्याचे शिक्षण मिळाले. पलटणीचा काही भाग ब्रह्मदेशापर्यंत गेला, परंतु माघार सुरू झाल्याने त्यांना आघाडीवर उतरविण्यात आले नाही. तरीही मळ्यातील मजुराची मुलगी काही महिन्यांत शिस्तबद्ध सैनिक होऊ शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

३. संविधान आणि कलम १२

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. अनुच्छेद १४ ने समानता दिली, अनुच्छेद १५ ने लिंगभेदास मनाई केली, अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिली. मात्र सैन्यदलांतील शिस्त व कर्तव्यपालन यांसाठी मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार अनुच्छेद ३३ ने संसदेला दिला.

त्याच वर्षी सेना कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमाचा मथळाच स्त्रियांच्या भरतीविषयीच्या 'अपात्रते'चा आहे. केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या शाखा खुल्या करील त्या सोडून नियमित सैन्यात कोणतीही स्त्री पात्र असणार नाही, असे हे कलम सांगते. वायुसेना आणि नौदल यांच्या कायद्यांतही अशाच तरतुदी आल्या.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे कलम नीट वाचावे. पुरुष पात्र असतो, त्याला अपात्र ठरवायचे तर कारण द्यावे लागते. स्त्री अपात्र असते, तिला पात्र करायचे तर अधिसूचना काढावी लागते. त्याच कलमात पुढच्या बदलाची फटही होती. अधिसूचना काढण्यासाठी नवा कायदा करावा लागत नव्हता, इच्छा तेवढी हवी होती. परिचर्येखेरीज वैद्यकीय शाखेत १९५८ पासून स्त्री डॉक्टरांना नियमित कमिशन मिळू लागले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, त्या याच वाटेने. अन्य शाखांची दारे मात्र बेचाळीस वर्षे बंदच होती.

४. पाच वर्षांसाठी उघडलेले दार

१९९० च्या सुमारास प्रिया झिंगन या कायद्याच्या विद्यार्थिनीने थेट लष्करप्रमुखांना पत्र लिहून विचारले की, स्त्रियांना सैन्यात अधिकारी का होता येत नाही? एक-दोन वर्षांत तशी योजना येईल, असे उत्तर तिला आले. ३० जानेवारी १९९२ रोजी अधिसूचना निघाली. कायदा विभाग, शिक्षण विभाग, टपाल सेवा, आयुधभांडार आणि पुरवठा सेवा अशा शाखा खुल्या झाल्या. वर्षअखेरीस सिग्नल्स, अभियंता दल वगैरे आणखी शाखांची भर पडली. पहिल्या तुकडीत २५ तरुणी चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत दाखल झाल्या आणि मार्च १९९३ मध्ये अधिकारी झाल्या. प्रिया झिंगन यांचा कॅडेट क्रमांक पहिला होता.

पण हे दार पाच वर्षांपुरतेच उघडले होते. पुढे मुदत दहा वर्षे झाली, नंतर चौदा. ही 'अल्पमुदत' समजून घेणे आवश्यक आहे. सैन्यातील अधिकाऱ्यास निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षे सेवा लागते. चौदा वर्षांनी बाहेर पडणाऱ्या स्त्रीस ते मिळत नसे. तिच्याबरोबर अल्पमुदतीवर आलेल्या पुरुषाला कायम कमिशनचा पर्याय होता, तिला नव्हता. पस्तीस-अडतीस वर्षांच्या वयात, मुले शाळेत असताना, नोकरी नाही आणि निवृत्तिवेतन नाही, अशा स्थितीत तिला नव्याने आयुष्य उभारावे लागे. प्रवेश मिळणे आणि समान वागणूक मिळणे यांतील अंतर आपल्या समाजास वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

५. न्यायालयातील सतरा वर्षे

२००३ मध्ये बबिता पुनिया या वकील महिलेने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. पुढे सेवेतील अधिकारी स्त्रियांच्या याचिका तीस जोडल्या गेल्या. २००८ मध्ये सरकारने कायदा व शिक्षण या दोन शाखांत कायम कमिशन मान्य केले, पण केवळ नव्याने येणाऱ्यांसाठी. १२ मार्च २०१० रोजी उच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. वायुसेनेने तो स्वीकारला. भूदलाच्या बाबतीत सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दहा वर्षे लोटली.

सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलेली कारणे मुळातून वाचावीत अशी आहेत. स्त्रियांची शारीरिक क्षमता कमी असते. बाळंतपण, मातृत्व आणि घरच्या जबाबदाऱ्या आड येतात. शत्रूच्या हाती सापडल्यास काय, हे एक कारण होते. आणि शेवटी असेही की, सैन्यातील बहुसंख्य जवान ग्रामीण भागातून येतात आणि स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची अद्याप तयारी नाही.

हे अखेरचे वाक्य वाचताना आम्हाला एकोणिसावे शतक आठवले. 'उच्चजातीय शिपाई त्यांचा हुकूम मानणार नाहीत' आणि 'ग्रामीण जवान तिचा हुकूम मानणार नाहीत' ही एकाच साच्यातील वाक्ये आहेत. पूर्वग्रह एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा न्याय आहे. ज्याच्या मनात पूर्वग्रह आहे त्याला शिकवावयाचे असते. ज्याच्याविरुद्ध पूर्वग्रह आहे त्याला दाराबाहेर ठेवावयाचे नसते.

१७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या पीठाने ही कारणे साचेबंद समजुतींवर उभी असल्याचे सांगून नाकारली. कायम कमिशन सेवेच्या लांबीचा विचार न करता सर्व पात्र स्त्री अधिकाऱ्यांना द्यावे आणि तुकडीचे अधिपत्य देताना त्यांना सरसकट वगळू नये, असा आदेश दिला. न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीचे दाखलेही दिले. त्यांत सोफिया कुरेशी यांचे नाव होते. २०१६ मध्ये पुण्यातील औंध लष्करी ठाण्यात झालेल्या बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री अधिकारी. मे २०२५ मध्ये देशाने त्यांना दूरचित्रवाणीवर पाहिले.

येथे गोष्ट संपली असे वाटेल, परंतु खरा धडा पुढेच आहे. निकालानंतर निवड मंडळ बसले आणि शेकडो स्त्रिया पुन्हा नापास ठरल्या. कारण निकष दिसण्यात सर्वांना समान होते. वैद्यकीय तंदुरुस्तीची जी अट पुरुषांनी पंचविशी-तिशीत पूर्ण केली होती, ती या स्त्रियांना चाळिशी-पन्नाशीत लावण्यात आली, आणि उशीर तर त्यांनी केलेला नव्हता. त्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल अशा काळात लिहिले गेले होते, जेव्हा त्यांना कायम कमिशन मिळणारच नाही असे लिहिणारे गृहीत धरून होते. साहजिकच ते अहवाल बेफिकिरीने भरलेले होते. पहिल्या पाच किंवा दहा वर्षांचीच सेवा विचारात घेतल्याने त्यानंतरची पदके आणि कामगिरी मोजली गेली नाही.

२५ मार्च २०२१ रोजी लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यास अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. सर्वांना एकच नियम लावला म्हणजे समता आली असे नाही. तो नियम असमान परिस्थितीतून आलेल्या माणसांवर काय परिणाम करतो, हे पाहावे लागते. 'गुणवत्ता' हा शब्द ऐकताच आपल्या मुलांनी हे प्रकरण आठवावे. गुणवत्ता मोजणारी फूटपट्टी कोणी, केव्हा आणि कोणासाठी बनविली, हा प्रश्न विचारणे म्हणजे गुणवत्तेचा अनादर नव्हे.

६. खडकवासल्याचे दार

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५४ मध्ये खडकवासल्यास सुरू झाली. बारावीनंतर तिन्ही दलांचे भावी अधिकारी तेथे तीन वर्षे एकत्र घडतात. पुण्यापासून इतक्या जवळ असलेले हे दार मुलींना सदुसष्ट वर्षे बंद होते.

कुश कालरा या वकिलाच्या याचिकेवर १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेस बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला. सरकारने तयारीसाठी पुढच्या वर्षापर्यंत मुदत मागितली. ती न मिळाल्याने नोव्हेंबर २०२१ च्या परीक्षेसच मुली बसल्या. अर्ज करणाऱ्या मुली पावणेदोन लाखांहून अधिक होत्या. 'मुलींना आवडच नसते' म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. जागा मात्र १९ होत्या : भूदल १०, वायुसेना ६, नौदल ३. २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली दीक्षान्त संचलनात मुलांच्या खांद्याला खांदा लावून चालल्या.

इतर ठिकाणीही हळूहळू पाऊल पुढे पडले. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी लढाऊ विमानांच्या वैमानिक म्हणून वायुसेनेत दाखल झाल्या. अधिकारी पदाखाली, जवान म्हणून, स्त्रिया प्रथम सैनिकी पोलिसांत आल्या. ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळूर येथे प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. मार्च २०२३ मध्ये नौदलाच्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत २७३ मुली होत्या. त्याच वर्षी तोफखाना स्त्री अधिकाऱ्यांना खुला झाला आणि प्रेरणा देवस्थळी या नौदलाच्या युद्धनौकेच्या पहिल्या स्त्री प्रमुख ठरल्या. पायदळ आणि रणगाडा दल ही दारे मात्र अद्याप बंद आहेत. कलम १२ चा मथळाही तसाच आहे.

७. पालकांशी दोन शब्द

काही वाचक विचारतील, शांती आणि करुणेचे संस्कार देणाऱ्या शाळेच्या स्मरणिकेत सैन्याचा विषय कशासाठी? युद्धाचा गौरव करणे हा आमचा हेतू नाही. एखाद्या मुलीने सैन्यात जावे की न जावे, हा तिचा निर्णय आहे. तो निर्णय जन्माने आधीच झालेला असू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ज्यांच्या मुली इच्छुक आहेत त्यांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एनडीएची परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, उमेदवार अविवाहित आणि बारावीत शिकत असलेला किंवा उत्तीर्ण असावा. वायुसेना व नौदलासाठी विज्ञान शाखा आवश्यक आहे. लेखी परीक्षा ९०० गुणांची असते, पैकी ३०० गणिताचे. त्यानंतर निवड मंडळाची मुलाखत आणखी ९०० गुणांची. मुलींना शुल्क नाही. मात्र येथे आरक्षणही नाही, म्हणून तयारी आठवी-नववीपासून हवी. साताऱ्याची सैनिकी शाळा देशातील पहिली. आता सैनिकी शाळांत मुलींनाही प्रवेश मिळतो. नाशिक येथे शासनाने मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली आहे. खेड्यातील मुलीच्या आड शरीर क्वचितच येते. आड येते ते गणित, इंग्रजी संभाषण आणि माहितीचा अभाव. या तिन्हींवर शाळा आणि पालक मिळून काम करू शकतात. सर्वांत मोठा अडसर म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी. तो दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

यंदाही फलकावर ती जाहिरात आम्ही लावली आहे. 'अविवाहित पुरुष' ऐवजी तेथे आता 'अविवाहित पुरुष व महिला' असे लिहिलेले असते. हे दोन शब्द वाढण्यास संविधानानंतर एकाहत्तर वर्षे लागली. एखाद्या मुलीने पुन्हा असा काही प्रश्न विचारला, तर 'ते तुमच्यासाठी नसते' असे उत्तर आम्ही देणार नाही. नियम काय आहे, तो कोणी केला आणि तो बदलण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागतो, हे सांगू.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद करताना आणि २०२० पूर्वी स्त्रियांना कायम कमिशन नाकारताना दिलेल्या कारणांत कोणते साम्य दिसते?
२. 'सर्वांना एकच नियम' आणि 'सर्वांना समान न्याय' यांत फरक कोणता? नितीशा प्रकरणाच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या गावात किंवा घरात 'हे मुलींसाठी नसते' असे ज्याविषयी म्हटले जाते, अशी एक गोष्ट शोधा. तो नियम कोणी केला, याची चौकशी करून लिहा.